डाव्या काचेवरचे डाग

चष्म्याच्या डाव्या काचेवर आतल्या बाजूनं डाग पडायला लागले, तेव्हा मी सर्वात आधी चष्मेवाल्याशी भांडले. साकोलीच्या बसस्टँडजवळ त्याचं दुकान आहे. नवा चष्मा करून फार दिवस झाले नव्हते आणि डाव्या डोळ्याच्या पापण्या काचेला घासत होत्या. कितीही पुसा, थोड्या वेळानं पुन्हा तेच बारीक, तेलकट डाग. उजवी काच मात्र स्वच्छ.

"फ्रेम वाकडी दिली तुम्ही," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काउंटरच्या काचेवर उलटा ठेवून पाहिला. "मॅडम, फ्रेम तर सरळ आहे," तो म्हणाला, पण माझा चेहरा पाहून नाकावरची पॅडं जरा ओढून दिली. पुढच्या बाजाराला मी पुन्हा गेले. त्यानं पुन्हा ओढून दिली. त्यानंतर गेले तेव्हा मी त्याला गिऱ्हाइकांसमोर सुनावलं की काम जमत नसेल तर बोर्ड उतरवून ठेवा. त्यानं मान खाली घालून पॅडं पुन्हा ओढून दिली. फ्रेम खरोखरच सरळ होती. बिघाड चष्म्याच्या मागे होता.

मी अशीच आहे. बिघडलेली वस्तू माझ्याच्यानं बघवत नाही. नळ गळत असला तर मला जेवण गोड लागत नाही, आणि शाळेत फळा नीट पुसलेला नसला तर शिकवायला सुचत नाही. सानगडीच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. सासर तिथून जवळच, धानशेतीचं घर. आजारपण मला ठाऊक नव्हतं. बाळंतपण सोडलं तर दवाखान्याच्या खाटेवर मी पाठ टेकली नव्हती, आणि हे मी चारचौघींत मिरवायची. कोरोनात घरातले सगळे आळीपाळीनं खोकले. मी तेवढी काढे उकळत फिरत होते.

चष्म्याच्या आधी नाक होतं. हिवाळ्यापासून डावी नाकपुडी चोंदलेली. सर्दी म्हणून वाफ घेतली, ओवा हुंगला, मेडिकलमधून थेंब आणले. वर्गातली पोरं माझ्यासारखं गेंगाणं बोलून दाखवायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. गालात, डोळ्याच्या खाली, काहीतरी ठणकायचं. दाढ असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं दाढ काढली. ठणका राहिला तो राहिलाच.

डोळ्याचं पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिलं. अंगणात मी तांदूळ निवडत होते आणि त्या समोर बसल्या होत्या.

"तुया डोरा काहून असा पुढं येऊन राहिला?"

"कुठला डोळा?"

"डावा. वर पाय." मी वर पाहिलं. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि नंतर पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. मी उठून आत आरशापाशी गेले. एकदा दिसल्यावर मग दिसतच राहिलं. चष्मेवाल्याला हे दिसलं असेल का, असं वाटून मला त्याचाही राग आला.

मग सुरू झाली धावपळ. साकोली, भंडारा, शेवटी नागपूर. थायरॉइडची तपासणी झाली, ती चांगली निघाली. डोक्याचा फोटो काढला, त्यात नाकाच्या बाजूच्या पोकळीत गाठ दिसली. गाठ हा शब्द आमच्या घरात एकाच अर्थानं ऐकला जातो. नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घरातली सगळी पितळेची भांडी चिंचेनं घासली. न्हाणीघराची फरशी ब्रशनं घासली. रजा असून शाळेत गेले आणि वाचनालयाची कपाटं लावली. आमचे हे मात्र बाजेवर बसून राहायचे. मोठा सोशिक माणूस. त्यांचं ते बसणं मला सहन होईना.

"काहीतरी बोला तरी," मी म्हणायची.

"काय बोलू? येऊ दे ना रिपोर्ट."

सासूबाईंनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, असलेल्या मातामाय देवीला नवस बोलला. ते वाईट निघालं नाही तर पाळीवरच गावजेवण, खीर-वडे आणि चिनोर या वासाच्या तांदळाचा भात.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं होतो. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही." ह्यांनी टेबलाखाली माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, परक्या माणसासमोर त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मला रडू आलं. डॉक्टर पुढे बोलतच होते. ही बुरशी आहे, ती साधी नाही, हाड पोखरत डोळ्याच्या खोबणीकडे चालली आहे, लवकर भरती व्हा, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर बरेच महिने गोळ्या. आम्ही सगळ्याला माना डोलावल्या. ऐकलं एवढंच, की कॅन्सर नाही.

बुरशीला कोण घाबरतं आमच्याकडे? पावसाळ्यात पापडाला येते, चामड्याच्या चपलेला येते. लोणच्यावर आली तर वरचा थर काढून टाकतात आणि खालचं खातात. सासूबाईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या.

"बुराच हाय ना? मंग कायले भेता? पुसला का जाते."

गावात पेढे वाटले. मी स्वतः वाटले. भरती व्हायची तारीख दिली होती, ती जेवणाच्या तयारीत आली, म्हणून ह्यांनी फोन करून पुढे ढकलली. आधी नवस फेडायचा, मग धानाच्या रोवणीच्या आत दवाखाना आटोपून घ्यायचा, असं ठरलं. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. ज्या देवीनं एवढं मोठं टाळलं, तिला ताटकळत ठेवून बुरशीसाठी नागपूरला जायचं हेच उलट विचित्र वाटलं असतं.

आता ढोलीचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे धान ढोलीत ठेवतात. बांबूच्या कमच्यांची, शेणामातीनं सारवलेली, माणसाहून उंच टोपली. वरून भरायची, वरूनच काढायची, आणि तळाशी राहिलेलं काढायला कोणीतरी आत उतरायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून ते कोणीतरी मीच. एक तर अंगानं बारीक, आणि दुसऱ्यानं केलेलं काम मला पसंत पडत नाही. घरात आता पोती आहेत, प्लास्टिकच्या कोठ्या आहेत, पण चिनोर अजून ढोलीतच. जुन्या चिनोरचा भात मोकळा होतो आणि वास घरभर जातो, म्हणून आम्ही ते मुरवतो.

आदल्या दिवाळीनंतर पाऊस आला होता आणि कापलेलं धान बांधीत, शेतातच, भिजलं होतं. उलटून पालटून वाळवलं, पण आतून ते पुरतं वाळलं नव्हतं. तसंच ढोलीत गेलं. त्या हिवाळ्यात मी आत उतरले तेव्हा भिंतीला चिकटून ढेकळं धरली होती, हिरवट करडी. खुरप्यानं फोडली तशी धूळ उठली आणि मला समोरचा हात दिसेना. बाहेर आले तर नाकातून काळं येत होतं. संध्याकाळपर्यंत शिंकत होते आणि आमची पोरगी माझ्या शिंका मोजून हसत होती.

नवसाच्या भाताचं पहिलं सूपभर धान ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं स्वतःच्या हातानं काढायचं, अशी आमच्या घरची रीत. तेव्हा मीच पुन्हा उतरले. नाकात बुरशी घेऊन बुरशीतच उतरले, आणि उतरताना मनात मातामायचं नाव होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यानं काही फरक पडला असेलच असं नाही. पण मला ते आठवलं की बसल्या जागेवरून उठावं लागतं.

जेवण छान झालं. पाळीवर आंब्याच्या सावलीत पंगती बसल्या. मी वरण वाढत होते. एका म्हातारबुवांच्या द्रोणात वाढलं ते द्रोणाच्या बाहेर, त्यांच्या धोतरावर. "द्रोण हलवू नका ना बाबा," मी म्हटलं. ते म्हणाले, "म्या कुठी हालवला, बाई?" पुढच्या पानाला पुन्हा तसंच झालं. मी पळी खाली ठेवली, उजवा डोळा हातानं झाकला आणि पंगतीकडे पाहिलं. पंगत नव्हतीच. नुसता पांढुरका उजेड होता, आणि त्यात माणसांच्या जागी मळकट ठिपके. मी हात काढला. पंगत जागेवर आली. कोणीतरी वरण मागत होतं. मी वाढत राहिले, प्रत्येक द्रोणाच्या काठाला पळी टेकवून.

दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टर चिडले. "तुम्हाला सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी भरती करून घेतलं आणि माझ्या रक्ताच्या तपासण्यांची रांग लागली. साखर. पुन्हा साखर. उपाशीपोटी, जेवल्यावर, तीन महिन्यांची. कोरोना झाला होता का, ऑक्सिजन लागला होता का, स्टिरॉइड घेतलं होतं का, किडनी, लिव्हर. मग ती दुसरी तपासणी, जिचं नाव आमच्याकडे हळू आवाजात घेतात. ती ह्यांचीही केली. सही करताना ह्यांचे कान लाल झाले होते आणि मला एवढ्या अडचणीतही हसू आलं. सगळं चांगलं निघालं. डॉक्टर कागद पाहायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तर ठणठणीत आहात."

कोरोनाच्या लाटेच्या वर्षापासून काळी बुरशी सगळ्यांना पाठ झाली होती, आणि ती कोणाला होते हेही. भेटायला येणारी प्रत्येक बाई खाटेच्या कडेला टेकली की विचारायची, "साखर हाय का, मॅडम?" नाही म्हटलं की ह्यांच्याकडे बघायची. मी आधी समजावून सांगायची की ही ती नाही, ही सावकाश वाढणारी, वेगळी. मग कंटाळा आला. खोटं कशाला बोलू, मला मनातून वाटायला लागलं होतं की एकदाची साखर निघू दे. साखर निघाली असती तर गोड बंद केलं असतं, चालायला गेले असते, काहीतरी दुरुस्त केलं असतं. पण काहीच बिघडलेलं नव्हतं, त्यामुळे दुरुस्त करायलाही काही नव्हतं. मी चिडून डॉक्टरांनाच विचारलं, "मग मलाच का?"

ते चांगले होते. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ही धुळीत असते, मातीत असते, धानात असते. तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या नाकात रोज जाते. माझ्याही जाते. बाकीच्यांचं शरीर तिला बाहेर काढतं. तुमच्यात ती का राहिली, ते मला सांगता येत नाही. क्वचित होतं असं."

क्वचित. या शब्दानं लोकांना धीर येतो. मला येत नाही.

ऑपरेशन नाकातून झालं. डोळा काढावा लागला नाही. हे नशीब समजा, असं सगळे म्हणाले, आणि मीही समजते. डोळा राहिला, हळूहळू जागेवरही बसला, नजर मात्र परत आली नाही. गोळ्या वर्ष उलटलं तरी चालू होत्या. गोळी घेतली की काही वेळानं उजव्या डोळ्यापुढे रंग भडक व्हायचे, भिंतीवरचं कॅलेंडर चमकायचं, आणि उन्हात गेलं की अंग भाजायचं. रोवणीच्या दिवसांत सगळं गाव बांधीत आणि मी दाराआड, छत्री घेऊन संडासला जाणारी. बसून राहणं काय असतं ते मी तेव्हा शिकले, म्हणजे शिकले नाहीच. ह्यांच्या बाजेवर बसायची आणि पाय हलवत राहायची.

एका डोळ्यानं वाचता येतं, शिकवता येतं. फक्त अंतर कळत नाही. चहा कपाच्या शेजारी पडतो. शेवटची पायरी आहे असं वाटतं आणि ती नसते. सुईत दोरा ओवताना दोरा सुईच्या अलीकडून तरी जातो किंवा पलीकडून तरी.

गेल्या दिवाळीला मी ठरवलं, ढोली फोडायची. आजाराचं कारण सापडत नाही तर नाही, निदान ढोली तरी फोडता येईल. सासूबाईंना वाटलं मी दोन दिवस बोलेन आणि गप्प होईन. मी कुऱ्हाडच आणली तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"फोड. म्या कायी मना नाही करत. पन धान हाय ना आत. धानासंगं फोडशील का?"

धान टाकायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे वळण मलाही तितकंच लागलेलं. म्हणजे ढोली फोडायची तर आधी रिकामी करायची, आणि रिकामी करायची तर तळाशी कोणीतरी उतरायला हवं. मी कुऱ्हाड ठेवली आणि पदर खोचला. मला आता काय व्हायचं राहिलंय, असंच मनात होतं. गोळ्या चालूच आहेत, दुसऱ्या कोणापेक्षा मीच बरी. तेवढ्यात पोरगी आली. नागपूरला शिकते, सुटीला घरी आलेली. अंगानं माझ्यावर गेली आहे, आणि स्वभावानंही.

"मम्मी, तू हो बाजूले."

"तू नाही उतरायचं."

"मास्क लावून राहिली ना मी. पाच मिनिटांचं काम आहे, काहून एवढी चिडून राहिली?" तिनं मास्क लावला, वरून ओढणी गुंडाळली, आणि मी शिडी धरेपर्यंत ती काठावरून आत गेलीसुद्धा.

मी शिडीवर चढून वरून पाहत होते. आतून खुरप्याचा आवाज येत होता. ती टोपल्यात धान भरायची, दोरी ओढायला सांगायची, आम्ही ओढायचो. दर टोपल्यासोबत धूळ वर येत होती. त्या वर्षीचं धान चांगलं वाळलेलं होतं, ढेकळं नव्हती, हे मी स्वतःला सांगत होते. तरी धूळ ती धूळ. खाली अंधारात तिची पांढरी ओढणी दिसत होती. ती हाताशी आहे की खोल तळाशी, ते मला कळेना. मी डोकं इकडून तिकडे हलवून पाहिलं. नाही कळलं.

"बस झालं, वर ये."

"झालंच मम्मी. हात दे."

मी हात खाली घातला आणि मूठ मिटली. हातात काही आलं नाही. पुन्हा घातला, पुन्हा काही नाही. "मम्मी, इकडं," ती म्हणाली, आणि खालून तिनंच माझं मनगट शोधून धरलं. वर आली तेव्हा ओढणी गळ्यात उतरली होती आणि मास्क हनुवटीवर. आत जीव गुदमरत होता म्हणून काढला, म्हणाली. केस, भुवया, पापण्या, सगळं भुरकट. ती शिंकली. मग हसत हसत आणखी शिंकली. मी पदरानं तिचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं जोरात, आणि ती ओरडेपर्यंत पुसत राहिले.

ढोली फोडली. कमच्या चुलीत गेल्या. काही दिवस बरं वाटलं.

आता थंडी सुरू आहे. परवा सकाळी शाळेत निघताना तिचा फोन आला. परीक्षेचं बोलली, खोलीवरच्या मैत्रिणीचं बोलली. आवाज गेंगाणा येत होता.

"आवाज काय झाला तुझा?"

"काही नाही, सर्दी आहे."

"नाक चोंदलंय?"

"थोडंसं."

"एका बाजूनं की दोन्ही?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती नाक दाबून बघत असावी.

"दोन्ही," ती म्हणाली. "बहुतेक दोन्ही."

ह्यांनी बाजेवरून विचारलं, काय म्हणते. मी म्हटलं, सर्दी आहे. ते म्हणाले, थंडीच तशी पडली आहे. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं, आणि ते बरोबरच असणार. मी शाळेत फोन करून रजा सांगितली, चष्मा पदरानं पुसला, आणि नागपूरच्या बससाठी रस्त्यावर येऊन उभी राहिले. बस लांबून येताना दिसली. ती किती लांब आहे ते मला कळत नव्हतं, म्हणून मी आधीपासूनच हात वर करून ठेवला.